मनगटावरचा हिरवा पट्टा

कोदुंगा किनारा
६ ऑगस्ट

आपोंडी,

तू माझा नंबर बंद केलास. ठीक आहे. मी ओलांगोच्या फोनवरून लावला तर तोही बंद केलास. बिचारा आता सख्ख्या चुलतबहिणीशी बोलू शकत नाही, आणि प्रवाशांच्या मातातू गाडीच्या दारात लोंबकळत रोज मला शिव्या देतो. म्हणून कागद. कागद बंद करता येत नाही, फार तर फाडता येतो. फाडायच्या आधी वाच, एवढंच मागणं आहे.

मी आत्याच्या घरी नाही, ओबुंगा मामाच्या होडीवर आहे. तुझ्यामुळे कॉलेज सोडलं असं सगळे म्हणतात. साफ खोटं. परीक्षेच्या हॉलमध्ये तुझा बाक माझ्यापुढे दोन ओळींवर होता. तीन तास मी तुझ्या मानेवरच्या वेण्या मोजल्या, कोरा पेपर दिला आणि उठलो. दुसऱ्या दिवशी गादी गुंडाळली. यात तुझा काय दोष? वेण्यांचा असेल.

इथे मला ‘अर्धामास्तर’ म्हणतात. मास्तरकीच्या दोन वर्षांच्या कोर्सातलं एकच वर्ष झालं, म्हणून अर्धा. ओडेगा नावाचा आमचा सुकाणूवाला तर रोज विचारतो, “अर्ध्या मास्तर, अर्धी भाकर चालेल ना?” आणि मक्याच्या पिठाच्या उगाळीचा गोळा खरंच अर्धा करून देतो.

आता ज्या बाईवरून तू मला एप्रिलमध्ये सगळ्यांसमोर ‘जा’ म्हणालीस, तिच्याबद्दल. न्यार आलेगो. लग्न होऊन इथे आलेल्या बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात हे तुलाही ठाऊक आहे, तिचं खरं नाव मला माहीतही नाही. तेवढाच माझा तिच्याशी संबंध! ती विधवा आहे, मामाच्या होडीवरून ओमेना ही बारीक मासळी विकत घेते, वाळवते, बाजारात नेते. डिसेंबरच्या सुट्टीत मी होडीवर होतो तेव्हा ते झालं. तुझं-माझं जमलं जानेवारीत. आणि होडीवरची पोरं आणि मासे घेणाऱ्या बाया यांच्यात हे चालत आलंय. रिवाज आहे. मी काढलेला नाही. ती माझ्याकडे बघून हसली होती.

आणि तुला भीती कसली? फेब्रुवारीत कॉलेजात एचआयव्हीची तपासणी झाली, माझ्या मनगटावर ‘मी तपासलं’ लिहिलेला हिरवा पट्टा तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलास. मार्चमधल्या त्या रविवारी तू त्यावर बोट ठेवून म्हणालीस, “म्हणजे आता काळजी नाही.” आठवतंय ना? मला तर दुसरं काहीच आठवत नाही.

उत्तर दे. शिवी दिलीस तरी चालेल.

तुझा (तू नाही म्हणालीस तरी),
ओगोला

१३ ऑगस्ट

आपोंडी,

उत्तर नाही. ठीक. मी काय केलं ते ऐकलंस तर तुला अभिमान वाटेल.

आरोग्य केंद्राची गाडी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी या किनाऱ्यावर येते आणि दर वेळी जवळपास रिकामी परत जाते. सिस्टर अकेलो म्हणायच्या, “हे कोळी म्हणजे दगड आहेत, तपासायलाच येत नाहीत.” मी त्यांना म्हटलं, सिस्टर, दगड नाहीत, झोपलेत. ओमेना धरतात अंधाऱ्या पंधरवड्यात, दिव्याच्या उजेडाकडे मासा येतो म्हणून. चांदणं पडलं की मासा दिव्याला विचारत नाही, मग होड्या वाळूवर उलट्या पडतात आणि माणसं मोकळी. तुमचा मंगळवार कॅलेंडरचा आहे, आमचा महिना चंद्राचा. पौर्णिमेला या.

त्या हसल्या. पण काल आल्या, पौर्णिमेला! एकतीस पुरुष तपासले, आपोंडी. एकतीस! वर्षभरात मिळून नऊ झाले होते.

मी उलट्या होडीवर चढून भाषण केलं. कॉलेजच्या आरोग्य क्लबात आपण करायचो तसंच, फक्त तू शेजारी नव्हतीस. ओडेगा खालून ओरडला, “अर्ध्या मास्तर, अर्धं रक्त दिलं तर चालेल का?”

मी म्हटलं, “एक थेंब पुरतो. मगर चावली तर कळतं, हा आजार चावलेला कळत नाही.”

“आणि तुझं? तू दिलंस?”

मी हात वर केला. हिरवा पट्टा सगळ्यांनी बघितला. टाळ्या पडल्या. पट्टा बघून ओडेगा सगळ्यांत पहिला रांगेत गेला.

सिस्टर अकेलो माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “फेब्रुवारीचा आहे ना हा? सहा महिने झाले. ये, दोन मिनिटांचं काम.” मी म्हटलं, मामाची होडी ओढायची आहे. होडी सकाळीच ओढून झाली होती.

तंबूच्या मागे एक वेगळी छोटी रांग होती, नेहमीचं औषध न्यायला येणाऱ्यांची. त्यात न्यार आलेगो उभी होती. मला बघून तिने डोक्यावरचं फडकं पुढे ओढलं.

डोकं दुखत असेल. ती रांग डोकेदुखीची पण असते.

आपोंडी, तुला एक सांगायचं आहे. पुढच्या पत्रात सांगतो.

ओ.

१६ ऑगस्ट

आपोंडी,

तिने मला मारलं. न्यार आलेगोने. मी मेलो आहे आणि होडी ओढतो आहे.

आज बाया जुन्या जाळ्यांवर ओमेना पसरत होत्या. ती वाकली, कमरेच्या गाठोड्यातून प्लास्टिकची पांढरी बाटली वाळूत पडली. मी उचलली. हलवली, आवाज आला नाही. आवाज येत नाही म्हणूनच मी उघडली. आत गोळ्या आणि वर कापूस. औषध वाजू नये, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून लोक असा कापूस कोंबतात, हे आपल्याला क्लबातच शिकवलं होतं. हे माझं शिक्षण.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. सगळ्या किनाऱ्याने ऐकलं. बाटली वर धरून ओरडलो. तिने माझ्या हातातून बाटली घेतली, सांडलेल्या गोळ्या एक-एक करून उचलल्या, वाळू फुंकली आणि अर्धवट पसरलेले मासे तसेच टाकून निघून गेली. तेवढ्यात मामाने माझ्या कानाखाली वाजवली. “तोंड आहे का गटार आहे तुझं?” पण मामा काहीही म्हणो, दुपारी बाकीच्या होडीवाल्यांनी तिला मासे दिले नाहीत. एकजण म्हणाला, तिची बादली माझ्या होडीला लावू नका.

तुला ताप वगैरे येतो का? घशात काही? उगाच विचारतो. हवा बदलली आहे म्हणून.

ओगोला

२१ ऑगस्ट

आपोंडी,

ओलांगोने आज माझी तिन्ही पत्रं परत आणली. पाकिटं चिकटवलेलीच. “ती म्हणाली, तुझा मित्र मला कविता लिहितो, मला वेळ नाही.” मी त्याच्या छातीवरच्या तिकिटांच्या पाकिटाला धरून हिसका दिला. तो म्हणाला, “मार. मग पुढचं पत्र कोण नेणार?”

म्हणून या पाकिटावर बाहेरच लिहिलं आहे: *आत प्रेम नाही. तुझ्या रक्ताची बाब आहे. उघड.* ओलांगोने ते वाचलं असणार. वाचू दे. तरीही तू उघडणार नाहीस या भीतीने मी त्याला शपथ घातली आहे की तू उघडेपर्यंत त्याने तुमच्या फाटकातून हलायचं नाही, मातातू गेली तरी.

आधी तेच लिहितो ज्यासाठी हे पत्र आहे, नाहीतर मी पुन्हा पळेन.

मी तपासलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी क्लबाला दोनशे नावांचं लक्ष्य दिलं होतं. पूर्ण केलं तर लाउडस्पीकर मिळणार होता. रक्त घेणारे त्यांची वही घेऊन पाच वाजता गेले. पण पट्टे वाटायचं आणि क्लबाची यादी लिहायचं काम चिटणीसाचं, म्हणजे माझं. यादीत एकशे नव्वद नावं होती. दहा कमी. मी दहा पट्टे काढले, रक्त न दिलेल्या नऊ जणांना वाटले, दहावा स्वतःला बांधला. नऊ जण हसत होते, मीही हसलो. त्याच लाउडस्पीकरवर मी मार्चमध्ये भाषण केलं, आणि त्याच महिन्यात तू पट्ट्यावर बोट ठेवलंस. मी गप्प बसलो. तू बोट उचलेपर्यंत एक वाक्य बोलायला वेळ होता.

तुझ्याआधी न्यार आलेगो. तिच्याआधी आणखी दोघी. कुणाच्याच वेळी मी काही वापरलं नाही. क्लबाचा चिटणीस. कंडोमच्या खोक्यावर बसून ते वाटणारा.

तू तपास. आज. हे वाचून झाल्यावर खालचं नंतर वाच, आधी जा.

गेलीस? आता बाकीचं.

काल दुपारी न्यार आलेगो मामाच्या अंगणात आली. मी जाळं शिवत होतो. मामीने तिला स्टूल दिलं, ती बसली नाही. तिने माझ्या मांडीवर दवाखान्याचं एक कार्ड टाकलं.

“वाच, मास्तर. वाचता येतं ना?”

मी वाचलं. तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे तोच शिक्का.

“सात वर्षं मी रोज गोळी घेते,” ती म्हणाली. “नवऱ्याला पुरल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. दर वर्षी रक्त घेऊन किती विषाणू आहे ते मोजतात. मोजायला सापडत नाही इतका कमी. सापडत नाही तो दुसऱ्याला लागत नाही. डिसेंबरात तुला माझ्याकडून माशाचा वास लागला असेल. दुसरं काही नाही.”

आपोंडी, हेच वाक्य तू क्लबाच्या फलकावर निळ्या खडूने लिहिलं होतंस. मी रोज त्या फलकासमोर उभा राहायचो. तुझं अक्षर बघायचो. वाक्य कधी वाचलंच नाही.

मी म्हटलं, “मग सांगितलं का नाहीस?”

“कुणाला? तुला?” ती हसली. “त्या दिवशी काय झालं ते मी सांगू का तुझ्या मामीसमोर, का तू सांगतोस?”

मी जाळ्याची गाठ ओढत राहिलो. तिने सांगितलं. मासा कमी पडला होता. तिच्यामागे तीन बाया बादल्या घेऊन उभ्या होत्या. मी होडीच्या काठावर बसून म्हणालो होतो, “पैसे सगळेच देतात. तू आणखी काय देशील?” दुसरी पोरं म्हणायची तसंच. ती हसली होती हे खरं. अशा वेळी बाई दुसरं काय करते, हे मला काल कळलं. आणि तिने माझ्याकडे कंडोम मागितला होता. मी म्हणालो होतो, “होणाऱ्या मास्तरावर विश्वास नाही?”

“तुझा जीव माझ्या गोळीने राखला, पोरा,” ती म्हणाली. “तुझ्या शाळेने नाही. आणि तू ती गोळी वर धरून नाचलास.”

मामी आत निघून गेली. चुलीवर काही नव्हतं, तरी भांडी आपटत राहिली.

जाता जाता न्यार आलेगो माझ्या मनगटाकडे बघून म्हणाली, “हा खरा आहे ना?”

ती पहिली, जिने विचारलं आणि मी खोटं बोललो नाही. मी दातांनी पट्टा तोडला.

उद्या मी सिस्टर अकेलोंकडे जातो. तू माझी वाट बघू नकोस. माझं काहीही निघो, तू आपलं तपास.

ओगोला

२३ ऑगस्ट

आपोंडी,

ओलांगो म्हणतो तू पत्र उघडलंस. फाटकातच उभ्याने वाचलंस आणि आत गेलीस. “चेहरा कसा होता?” मी विचारलं. “दाराचा असतो तसा,” तो म्हणाला. त्याची मातातू खरंच सुटून गेली, मालकाने त्याला दोन दिवस घरी बसवलं आहे. मी त्याला दोन दिवस जेवू घालतो आहे.

माझी तपासणी झाली. एक रेघ यायला हवी होती, दोन आल्या. मग दुसऱ्या पद्धतीने पुन्हा केली. पुन्हा तेच.

सिस्टर अकेलोंनी काहीही लावून-सजवून सांगितलं नाही. म्हणाल्या, “गोळ्या आजच सुरू करायच्या. रोज एक, ठरलेल्या वेळेला. नियमाने घेतल्यास तर तू म्हातारा होऊन कंटाळून मरशील.” मग विचारलं, “कुणाला सांगायला हवं आहे?”

मी तिघींची नावं सांगितली. चौथ्या नावाला मी रडलो. मोठ्याने रडलो, आपोंडी. बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावली. सिस्टर म्हणाल्या, “तिला लिहिलंस ना? मग आता ती आणि तिचं रक्त. तू मध्ये राहिला नाहीस.”

मी गेले चार महिने तुझ्यावर रागावून होतो. तू मला सोडलंस म्हणून भिंतीवर डोकं आपटलं. आता रोज एकच मागतो. तू मला त्या रविवारच्या आधीच सोडून गेली असतीस तर.

तू कळवणार नाहीस. कळव असं म्हणायचा मला हक्क नाही. तरी कळव.

ओ.

१० सप्टेंबर

आपोंडी,

तुझी चिठ्ठी पोचली. चौदा दिवसांनी. ओलांगो किनाऱ्याच्या रस्त्यावर मातातूतून उतरायच्या आधीच ओरडत होता, “साहेब, डाक!” मी पाण्यात कमरेपर्यंत होतो. हात पुसायला कोरडं काही नव्हतं. मग ओलांगोलाच म्हटलं, तू उघड, तू वाच.

त्याने वाचलं: “दोनदा तपासलं. माझं स्वच्छ आहे. तू गोळ्या चुकवू नकोस.”

मी पाण्यात खाली बसलो. डोक्यावरून लाट गेली. वर आलो तेव्हा ओडेगा विचारत होता, “अर्ध्या मास्तर, बुडतोस की नाचतोस?” मला माहीत नव्हतं. आपल्या दोघांचं काही वेगळं निघालं म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

मग ओलांगो म्हणाला, “थांब, अजून आहे.” आणि दुसरी ओळ वाचली: “क्लबाची चिटणीस आता मी आहे. ते नऊ जण कोण? नावं पाठव.” त्याखाली काहीच नव्हतं. नावसुद्धा नव्हतं.

त्यावर चार दिवस विचार केला. विचार करायची सवय नाही, म्हणून चार दिवस लागले. मध्ये एक गोष्ट घडली, ती सांगितली तर माझं उत्तर तुला कळेल.

परवा पुन्हा चांदणं आलं, गाडीही आली. या वेळी सिस्टर अकेलोंनी कॅलेंडर बाजूला ठेवून मामालाच विचारून दिवस ठरवला. सगळा किनारा जमला. मी पुन्हा उलट्या होडीवर चढलो. म्हणालो, मागच्या खेपेला माझ्या हातातला पट्टा खोटा होता. ज्यांनी तो बघून रक्त दिलं त्यांनी बरंच केलं, पण मी खोटा होतो. आता मी तपासलं आहे. मला आहे. आणि न्यार आलेगोकडून लागलेलं नाही, तिच्याकडून कुणालाच लागू शकत नाही, हे सिस्टर सांगतील. डिसेंबरात मी तिच्याकडे माशाच्या बदल्यात काय मागितलं, तेही मी बोललो. काही होडीवाले खाली बघू लागले. एकजण म्हणाला, “हे सगळं चव्हाट्यावर आणायची काय गरज?” मामाने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

मी न्यार आलेगोची माफी मागितली. ती बायांच्या मागे बादली घेऊन उभी होती.

“झालं?” ती म्हणाली. “उतर मग खाली. त्या होडीचा रंग ओला आहे.”

लोक हसले. माझे दोन्ही तळवे निळे झाले होते. मामाने आदल्या रात्री कशीबशी हाती लागलेल्या मासळीतून पहिली बादली तिची भरली, पैसे घेतले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “माझ्या होडीवर यापुढे फक्त पैसे चालतील. ज्याला दुसरं काही मागायचं त्याने दुसरी होडी बघावी.” दोन पोरं खरोखरच दुसरी होडी बघायला गेली.

संध्याकाळी तिच्या वाटेत उभा राहिलो. म्हटलं, “मला माफ केलंस का?”

“आज माझ्याबद्दल कुणीही काहीही बोललं नाही तर बरं होईल असं मला वाटत होतं,” ती म्हणाली. “चांगलंसुद्धा. तू पुन्हा बोललास. माझं नाव तुझ्या तोंडात दोनदा आलं, दोन्ही वेळा न विचारता. आता गप्प राहायला शीक. स्वतःचं काय ते बोल.”

आणि बादली उचलून गेली. माफ केलं की नाही, ते सांगितलंच नाही.

म्हणून मी ती नावं पाठवत नाही, आपोंडी. तू रागावशील. ‘पुन्हा लपवतोस’ म्हणशील. त्यांतले दोघे तुझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांच्याही मनगटावर कुणी बोट ठेवलं असेल, या विचाराने मला जेवण जात नाही. पण मी एकदा दुसऱ्याची बाटली वर धरली आहे. पुन्हा धरणार नाही.

त्याऐवजी मी काय देऊ शकतो ते देतो. माझी सगळी पत्रं तुझ्याकडे आहेत, परत आलेली तीनही या पाकिटात घातली आहेत. एकवीस ऑगस्टचं पत्र क्लबाच्या फलकावर लाव. संपूर्ण. वेण्यांबद्दलचं ज्यात आहे ते लावू नकोस, ते फाड. न्यार आलेगोचं जिथे-जिथे आहे तिथे काळी शाई फिरव. माझं नाव मात्र खोडू नकोस. वर मोठ्या अक्षरात लिही: ओगोला, दुसरं वर्ष, क्लबाचा माजी चिटणीस, पट्टा बांधला होता, रक्त दिलं नव्हतं, आता आजार आहे. तुझ्या अक्षरात लिही. या वेळी लोक अक्षर नाही, वाक्य वाचतील.

ते नऊ जण फलकापुढे येतील. त्यांना यादीची गरज नाही.

ओगोला